विश्लेषण : रत्नागिरीच्या उबदार हवेतही ‘फायटर’ मासा का गारठतो?

दुपारी कल्ले फुगवून आरशातल्या स्वतःवरच धावून जाणारा निळाजांभळा ‘फायटर’ मासा दुसऱ्या दिवशी पहाटे वाडग्याच्या तळाशी निपचित पडलेला दिसतो. पाणी स्वच्छ असते, खाणे वेळेवर दिलेले असते, मग बिघडले कुठे? जानेवारी-फेब्रुवारीत मासे पाळणाऱ्या अनेक घरांत हा प्रश्न पडतो. रत्नागिरीत तर तो अधिकच बुचकळ्यात टाकतो, कारण ‘इथे कुठे थंडी आहे?’ हे आपण गृहीत धरलेले असते. बहुतेक वेळा उत्तर पाण्याच्या तापमानात सापडते, आणि त्यातही तापमान किती आहे यापेक्षा ते दिवसभरात किती हलते, यात. 

हा मासा मूळचा कुठला?

दुकानात ‘फायटर’ किंवा ‘बेटा’ या नावाने मिळणारा हा मासा मूळचा थायलंडचा. ‘बेट्टा स्प्लेंडेन्स’ हे शास्त्रीय नाव त्याला ब्रिटिश मत्स्यशास्त्रज्ञ चार्ल्स टेट रेगन यांनी १९१० मध्ये दिले. थायलंडने २०१९ मध्ये त्याला राष्ट्रीय जलचर म्हणून मान्यता दिली. तिथे तो भातखाचरे, दलदल, संथ कालवे अशा उथळ पाण्यात राहतो. बँकॉकच्या परिसरात थंडीच्या रात्रीही पारा २० अंशांच्या खाली क्वचितच उतरतो. म्हणजे या माशाची सवय उबदार आणि फारसे न बदलणाऱ्या पाण्याची.

उथळ पाण्यात प्राणवायू कमी असतो. त्यावर तोड म्हणून या माशाच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर एक वेगळा अवयव असतो. पृष्ठभागावर येऊन तो तोंडाने हवा घेतो आणि त्या अवयवातून प्राणवायू शोषतो. आपल्याकडची मरळ ही त्याची लांबची नातलग. तीही अशीच वर येऊन हवा घेते. या गुणामुळेच ‘फायटरला पंप लागत नाही’ हे खरे ठरते. पण त्यापुढे जाऊन ‘फायटरला काहीच लागत नाही, बरणीतही जगतो’ असे जे सांगितले जाते, ते चुकीचे आहे. पंप लागत नाही, ऊब मात्र लागते.

पाण्याचे तापमान एवढे महत्त्वाचे का?

माणसाचे शरीर बाहेर काहीही असले तरी ३७ अंशांच्या आसपास राहते. माशाचे तसे नाही. पाण्याचे जे तापमान, तेच त्याच्या शरीराचे. पाणी गार झाले की त्याचे पचन, हालचाल आणि रोगाशी लढण्याची ताकद सगळेच मंदावते. ढोबळमानाने, तापमानात १० अंशांचा फरक पडला की शरीरातल्या क्रियांचा वेग दुपटीने वाढतो किंवा निम्म्यावर येतो.

फायटरसाठी २४ ते २८ अंश सेल्सियस ही सुरक्षित पट्टी मानली जाते. २६-२७ अंश त्यातले सर्वांत सोयीचे. २२ अंशांच्या खाली तो सुस्त होतो, खाणे सोडतो. खाल्लेले पचत नाही, पोट फुगते. पाणी ३० अंशांच्या वर बराच काळ राहिले तर उलट घडते. शरीराचा वेग वाढतो, भूक वाढते, विष्ठा वाढते आणि आयुष्य लवकर सरते. त्यातच गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांच्या पाण्यात साडेसात. शिवाय माशाच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून तयार होणारा अमोनिया गरम पाण्यात अधिक विषारी ठरतो.

मासा हळूहळू होणारा बदल सोसतो, अचानक झालेला नाही. दिवसभरात दोन अंशांची चढउतार चालते. काही तासांत पाच-सहा अंशांचा फरक पडला तर मात्र त्याच्यावर ताण येतो आणि अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके येण्याचा रोग अशाच वेळी डोके वर काढतो.

रत्नागिरीत अडचण नेमकी कधी येते?

रत्नागिरीचे वर्षभराचे सरासरी तापमान २७ अंशांच्या आसपास आहे, म्हणजे फायटरला हवे तेवढेच. सरासरी पाहून कोणीही म्हणेल की इथे हीटरची गरजच नाही. गोम अशी की मासा सरासरीत जगत नाही, तो त्या त्या तासाच्या पाण्यात जगतो.

पावसाळ्यात, जुलै-ऑगस्टमध्ये, दिवसा २८-२९ आणि रात्री २४-२५ अंश असते. दिवसरात्रीतला फरक जेमतेम चार-पाच अंशांचा. फायटरसाठी हा वर्षातला सर्वांत निर्धास्त काळ. डिसेंबर ते फेब्रुवारीत चित्र पालटते. पहाटे पारा १८-१९ अंशांवर, एखाद्या रात्री त्याहूनही खाली जातो आणि दुपारी ३० च्या पुढे चढतो. बारा-तेरा अंशांची ही रोजची उलथापालथ माशाला थंडीपेक्षाही जड जाते. ‘मिनी महाबळेश्वर’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या दापोलीत तर थंडी आणखी कडक असते. तिथल्या घरांत हीटरला पर्याय नाही.

फेब्रुवारी-मार्चमध्ये उलट संकट येते. रत्नागिरीला एरवी समुद्रावरचे खारे वारे थंड ठेवतात. पण या दिवसांत पूर्वेकडून, म्हणजे सह्याद्री ओलांडून येणारे कोरडे वारे जोर धरतात. खारे वारे उशिरा सुरू होतात आणि तोवर पारा ३७-३८ अंशांपर्यंत पोहोचतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये हवामान विभागाने कोकण आणि कच्छसाठी उष्णतेच्या लाटेचा इशारा दिला होता, तो अशाच परिस्थितीत. म्हणजे फेब्रुवारीत एकाच आठवड्यात पहाटे हीटर आणि दुपारी पंखा, अशी वेळ येऊ शकते.

एक कारण मात्र घरातलेच असते. झोपण्याच्या खोलीत एसी २२-२३ अंशांवर रात्रभर चालतो आणि मासा त्याच खोलीत असतो. बाहेर मे महिना असला तरी त्या माशासाठी रोज रात्री जानेवारी असतो. एसीच्या खोलीत मासा ठेवायचा तर हीटर बारा महिने लागतो.

वाडग्यात मासा का टिकत नाही?

याचे उत्तर साध्या भूमितीत आहे. पाणी पृष्ठभागातून तापते आणि निवते. टाकीची लांबी, रुंदी, उंची दुप्पट केली तर तिचा पृष्ठभाग चौपट होतो, पण पाणी आठपट मावते. म्हणजे प्रत्येक लिटरच्या वाट्याला येणारा पृष्ठभाग निम्मा होतो आणि पाणी निम्म्या वेगाने गार होते. दोन-अडीच लिटरचा वाडगा खोलीच्या हवेमागे फरफटत जातो. २० लिटरची टाकी रात्रभरात त्यामानाने थोडीच उतरते.

म्हणून हीटर, पंखा, बर्फ या सगळ्यांच्या आधीचा उपाय म्हणजे जास्त पाणी. एका फायटरसाठी १५ ते २० लिटरची टाकी घेतली तर तापमानाचा निम्मा प्रश्न तिथेच सुटतो. अमोनियाही त्या प्रमाणात पातळ होतो, हा वेगळा फायदा.

जागेचा फरकही मोठा असतो. जांभ्याच्या चिऱ्यांच्या जाड भिंती आणि वर कौले असलेल्या घरात मधल्या खोलीचे तापमान सावकाश बदलते. स्लॅबच्या इमारतीत सर्वांत वरच्या मजल्यावर ते झपाट्याने बदलते. टाकी खिडकीत, दारासमोर, पश्चिमेच्या भिंतीला किंवा फ्रिजच्या बाजूला नको. घरातली सर्वांत आतली, सावलीची भिंत तिच्यासाठी योग्य. थंडीत टाकीच्या मागे व दोन बाजूंना थर्माकोलचे तुकडे लावले तर रात्रीची घट बरीच रोखता येते. वर झाकण हवेच. फायटर उडी मारतो, हे एक कारण. दुसरे म्हणजे तो वरची हवा घेतो, आणि झाकणाखालची हवा पाण्याइतकीच उबदार राहते. झाकण हवाबंद मात्र नको.

हीटर घ्यायचा तर किती वॅटचा?

सर्वसाधारण नियम लिटरमागे एक वॅटचा. १५ ते २५ लिटरच्या टाकीला २५ वॅटचा हीटर पुरतो. ‘मोठा घेऊ, लवकर तापेल’ हा विचार इथे घातक ठरतो. पाच लिटर पाण्यात ५० वॅटचा हीटर टाकला, तर पाणी साधारण सात मिनिटांत एक अंशाने तापते. हीटरला थर्मोस्टॅट नसेल, किंवा तो अडकून बसला, तर तासाभरात पाणी आठ अंशांनी चढते. २६ चे ३४ होते. तेवढ्या वेळात घरातले बाजारातून परतही आलेले नसतात. याउलट २० लिटरमध्ये २५ वॅटच्या हीटरला एक अंश चढवायला जवळपास एक तास लागतो. बिघाड झाला तरी तो लक्षात यायला वेळ मिळतो.

म्हणून हीटर घेताना पाहायची पहिली गोष्ट किंमत नव्हे, थर्मोस्टॅट. तापमान ठरवण्याची कळ असलेला, ठरलेल्या अंशावर आपोआप बंद होणारा हीटरच घ्यावा. त्याच्यावर २६ लिहिलेले असले तरी पाणी २६ वरच आहे असे धरून चालू नये. टाकीत वेगळा थर्मामीटर हवा. काचेवर बाहेरून चिकटवायचा स्टिकर थर्मामीटर स्वस्त असतो, पण तो खोलीच्या हवेनेही बदलतो. पाण्यात बुडणारा काचेचा किंवा तार असलेला डिजिटल थर्मामीटर अधिक भरवशाचा. तो हीटरपासून लांबच्या टोकाला लावावा.

गावाकडे व्होल्टेज कमी असेल तर हीटर कमी काम करतो, हेही ध्यानात ठेवावे. २३० व्होल्टवर २५ वॅट देणारा हीटर १८० व्होल्टवर जेमतेम १५ वॅट देतो. ‘हीटर चालू आहे, दिवाही लागलाय, तरी पाणी गार’ या तक्रारीचे कारण अनेकदा इथे असते.

पाणी आणि वीज जवळ येतात तिथे सावधगिरी लागतेच. टाकीत हात घालण्यापूर्वी हीटरचे बटण बंद करून प्लग काढावा. वायर आधी खाली लोंबती ठेवून मग प्लगकडे न्यावी, म्हणजे ओघळणारे पाणी प्लगमध्ये न जाता खाली ठिबकते. घरात ईएलसीबी बसवलेला असावा. हीटर पाण्याबाहेर कधीही चालू ठेवू नये. बंद केल्यावरही १०-१५ मिनिटे तो पाण्यातच राहू द्यावा, नाहीतर तापलेली काच तडकते.

विजेचा खर्च किती? २५ वॅटचा हीटर अखंड २४ तास चालला तरी ०.६ युनिट वीज लागते. थर्मोस्टॅटमुळे तो रत्नागिरीच्या थंडीत मुख्यतः रात्रीच चालेल. दहा-बारा तास धरले तर महिन्याला आठ-नऊ युनिट.

उन्हाळ्यात पाणी थंड कसे ठेवायचे?

पहिला उपाय पंख्याचा. झाकण थोडे सरकवून त्या जागी जाळी लावावी आणि पाण्याच्या पृष्ठभागावर छोट्या पंख्याची हवा सोडावी. बाष्पीभवन वाढते आणि माठातल्या पाण्यासारखे टाकीतले पाणीही दोन-तीन अंशांनी उतरते. पण माठ जसा नागपुरात जास्त गार करतो आणि कोकणात कमी, तसेच या पंख्याचे आहे. पूर्वेच्या कोरड्या वाऱ्यांच्या दिवसांत, म्हणजे पारा सर्वांत वर असताना, पंखा उत्तम काम करतो. मे महिन्याच्या चिकट, दमट दुपारी त्याचा परिणाम जेमतेम दिसतो. पंख्याने पाणी आटते, तेवढे रोज भरावे लागते.

दुसरा उपाय बर्फाचा, आणि त्यातच सर्वांत जास्त चुका होतात. बर्फाचे खडे थेट टाकू नयेत. बंद बाटलीत पाणी गोठवून ती तरंगत ठेवावी. पण बाटली केवढी? अर्ध्या लिटरच्या गोठवलेल्या बाटलीने २० लिटर पाणी पूर्ण वितळेपर्यंत अडीच-पावणेतीन अंशांनी उतरते. तीच बाटली पाच लिटरच्या वाडग्यात टाकली तर फरक नऊ-दहा अंशांचा, म्हणजे उष्म्यापासून वाचवायला जाऊन माशाला थंडीचा धक्का. २० लिटरला २०० मिलिलिटरची बाटली पुरे, ती साधारण एक अंशाने पाणी उतरवते. गरज वाटली तर तासा-दीड तासाने दुसरी.

तिसरा उपाय काहीच न करण्याचा. दुपारी दोन तास पाणी ३० अंशांवर गेले आणि रात्री २७ वर आले, तर फायटर ते सोसतो. अशा वेळी टाकीतला दिवा बंद ठेवावा, खाणे थोडे कमी करावे, पाण्याकडे लक्ष ठेवावे. पाणी सलग ३१-३२ च्या वर राहू लागले तरच हस्तक्षेप करावा. हीटर मात्र उन्हाळ्यात २५ अंशांवर लावून ठेवावा. पाणी त्याहून गरम असेल तोवर तो बंदच राहील.

पाणी बदलताना काय चुकते?

अनेक मासे पाणी बदलल्याच्या दुसऱ्या दिवशी आजारी पडतात आणि दोष पाण्याला दिला जातो. खरा दोष पाण्याच्या तापमानाचा असतो. गच्चीवरच्या काळ्या टाकीतले पाणी एप्रिलच्या दुपारी ३८-४० अंशांचे असू शकते आणि जानेवारीच्या पहाटे २० च्या आसपास. वाडग्यातले सगळे पाणी एकदम बदलणाऱ्या घरात मासा क्षणात दहा अंश इकडून तिकडे जातो.

मोठ्या टाकीत हाच हिशेब सौम्य होतो. २० लिटरपैकी पाच लिटर पाणी बदलले आणि नवे पाणी पाच अंशांनी गार असले, तरी एकूण घट सव्वा अंशाचीच. म्हणून आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलावे, सगळे कधीच नाही. सगळे पाणी ओतून टाकी घासून धुण्याने अमोनिया पचवणारे उपयोगी जिवाणूही जातात.

शहरात शीळ धरणाचे शुद्ध केलेले पाणी नळाला येते. त्यातले क्लोरीन माशाच्या कल्ल्यांना घातक. रुंद तोंडाच्या बादलीत २४ तास पाणी ठेवले की क्लोरीन उडून जाते. ही बादली टाकीच्याच खोलीत ठेवली की दुसरे कामही होते, दोन्ही पाण्यांचे तापमान सारखे होते. ज्यांच्याकडे विहीर आहे, त्यांना आणखी सोपे. खोल विहिरीचे पाणी वर्षभर वार्षिक सरासरीच्या जवळ राहते. रत्नागिरीत ते फायटरला मानवेल असेच असते. जांभ्यातून झिरपलेले पाणी सहसा मऊ असते, तेही या माशाला चालते. तरीही ओढलेले पाणी रात्रभर उघडे ठेवून, थर्मामीटर बुडवून पाहूनच वापरावे.

नवा मासा दुकानातून आणला की हाच नियम. पिशवी न फोडता २० मिनिटे टाकीच्या पाण्यावर तरंगत ठेवावी. मग टाकीतले थोडे थोडे पाणी पिशवीत घालावे आणि शेवटी मासा सोडावा.

वीज गेली तर?

कोकणात हा प्रश्न कल्पनेतला नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली, मंडणगड भागात अनेक गावे कितीतरी दिवस अंधारात होती. सुदैवाने वादळाचा आणि पावसाचा काळ तापमानाच्या दृष्टीने फायटरला सोपा असतो आणि पंप बंद पडल्याने त्याचा श्वास अडत नाही. खाणे दिवसाआड करावे, म्हणजे पाणी खराब होत नाही.

थंडीच्या रात्री वीज गेली तर टाकी जाड चादरीने गुंडाळावी, वरून हवेसाठी फट ठेवावी. अर्ध्या लिटरच्या बाटलीत साधारण ५० अंशांचे गरम पाणी भरून, बूच घट्ट लावून ती टाकीत तरंगत ठेवली तर २० लिटर पाणी अर्ध्या अंशाहून थोडे वर चढते. दर तासा-दोन तासाने बाटली बदलली की पहाट निभावता येते. उकळते पाणी थेट टाकीत ओतणे म्हणजे माशाला भाजणेच.

थंडी बाधली हे कसे ओळखायचे?

मासा तळाशी किंवा एका कोपऱ्यात पडून राहतो, पर अंगाला चिकटवतो, रंग फिका पडतो, समोर आलेले खाणे सोडतो. उष्मा बाधला तर तो वारंवार पृष्ठभागावर येतो, कल्ले भराभर हलवतो, अस्वस्थपणे फिरतो. दोन्ही वेळा आधी औषधाची बाटली नव्हे, थर्मामीटर पाहावा. पाणी गार असेल तर ते तासाला एका अंशापेक्षा वेगाने चढवू नये. २० अंशांवरचा मासा २६ वर आणायला सहा-सात तास द्यावेत. त्या दिवशी खाणे देऊ नये. तापमान जागेवर आल्यावरही दोन-तीन दिवसांत सुधारणा दिसली नाही, तरच रोगाचा विचार करावा.

मासा सांभाळणे जमत नाही म्हणून तो विहिरीत, ओढ्यात किंवा तळ्यात सोडणे हा उपाय नव्हे. बाहेरचा मासा तिथल्या माशांत रोग पसरवू शकतो. त्यापेक्षा तो दुसऱ्या पाळणाऱ्याला द्यावा.

रत्नागिरीकरांना शिकण्यासारखे आसपास काय आहे?

माशांच्या अभ्यासाची परंपरा या शहराला आहे. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचे सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र झाडगावात आहे. त्याची सुरुवात १९५८ मधली. तिथले मत्स्यालय आणि संग्रहालय पाहायला शाळांच्या सहली येतात. शिरगावचे मत्स्य महाविद्यालय १९८१ पासून मत्स्यशास्त्राचे पदवीधर घडवत आहे. मुलांनी हट्टाने फायटर मागितला, तर दुकानात जाण्याआधी त्यांना घेऊन झाडगावच्या मत्स्यालयात एक फेरी मारायला हरकत नाही. मासा ही शोभेची वस्तू नव्हे, त्याला सांभाळावे लागते, हे तिथल्या टाक्यांसमोर उभे राहून सांगणे सोपे जाते.

नीट सांभाळला तर फायटर दोन ते चार वर्षे जगतो. त्यासाठी थोडे मोठे भांडे, एक थर्मामीटर, थंडीपुरता छोटा हीटर आणि पाणी बदलण्याआधी आदल्या दिवशी भरून ठेवलेली बादली एवढे पुरते. यातले आधी काय घ्यायचे असा प्रश्न पडला, तर थर्मामीटर घ्यावा. आठवडाभर पहाटे आणि दुपारी दोन वेळा आकडा लिहून ठेवला, की आपल्या घरात हीटर लागणार की पंखा, की काहीच नाही, हे तो आकडाच सांगेल.